नियमात ०६६६ लिहिण्यापूर्वी

लिनक्सच्या यंत्राला यूएसबीने एखादा बोर्ड जोडावा, प्रोग्राम चालवावा आणि पडद्यावर 'परमिशन डिनाइड' उमटावं, हा अनुभव इतक्या जणांनी घेतला आहे की त्यावरचा उतारा आता तोंडातोंडी चालत आला आहे: सीएचमॉड मारा, ०६६६ करा, म्हणजे सगळ्यांना वाचण्या-लिहिण्याची मुभा द्या, आणि पुढे चला. उतारा लागू पडतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. तो तिथे मिटू नये असं मला मनापासून वाटतं. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या कामात किती हात घालावा, हे ज्या ठिकाणी ठरतं त्या ठिकाणाला डिव्हाइस फाइल म्हणतात. तिथली परवानगी घाईने लिहिणं म्हणजे हा निर्णय न घेताच पुढे जाणं.

या प्रश्नाची दोन टोकं माझ्या नात्यातच आहेत. मामाने नोकरीची बहुतेक वर्षं एका महाविद्यालयाच्या संगणक केंद्रात युनिक्सची यंत्रं सांभाळली. भाची एका प्रयोगशाळेत मुलांना मायक्रोकंट्रोलर शिकवते. तिने लिहिलेल्या युडेव्हच्या एका नियमावरून दोघांत वाद झाला, तो इथे देतो आहे. मध्ये कुठे मी बोललो असेन, तर ते माझं मत समजावं.

भाची : नियम एका ओळीचा आहे, मामा. सबसिस्टिम टीटीवाय, व्हेंडर २३४१, मोड ०६६६. व्हेंडर २३४१ म्हणजे आर्डुइनो. मुलं येतात, ऊनो बोर्ड लावतात, काम सुरू. आधी पहिला तास परवानग्यांतच जायचा. कुणी वैतागून सुडो वापरायचं, मग त्याच्या फाइली रूटच्या नावावर तयार व्हायच्या आणि पुढच्या तासाला त्याच्या त्यालाच बदलता यायच्या नाहीत.

मामा : त्या यंत्रावर बाहेरून एसएसएचने कोण कोण येऊ शकतं?

भाची : वर्गातले सगळे. पण बाहेरून येऊन बोर्डाला कोण हात लावणार? आणि लावला तरी काय, तापमान वाचेल.

मामा : नुसतं वाचायला ती फाइल उघडली, तर ऊनोचं काय होतं?

भाची : रीसेट होतो.

मामा : का?

भाची : पोर्ट उघडला की कर्नल डीटीआर ही रेषा चालू करतो. ऊनोवर ती रेषा एका कपॅसिटरमधून रीसेटला जोडलेली असते. नवा प्रोग्राम चढवताना दर वेळी बटण दाबावं लागू नये म्हणून केलेली सोय आहे ती.

मामा : आता असं समज की एका मुलाने बोर्ड लावून ठेवला आहे, बोर्ड स्वतःच एसडी कार्डावर नोंदी लिहितो आहे, पोर्ट बंद आहे. रात्री दुसऱ्याने घरून 'कॅट' करून डोकावून पाहिलं. पहिल्याचं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याने फक्त वाचलं.

भाची : आणि पहिल्या मुलाच्या प्रोग्रामने पोर्ट धरून ठेवला असेल तर रीसेट होणार नाही, रेषा आधीच चालू आहे.

मामा : मग त्याहून वाईट. बोर्डाकडून येणारे बाइट दोघांत वाटले जातील. ज्याने आधी उचलला त्याला तो मिळाला. दोघांच्याही फाइलीत अर्धवट आकडे, आणि चूक कुठे झाली ते दोघांनाही कळणार नाही.

भाची : हे मान्य. पण हा दोष परवानगीचा नाही, ड्रायव्हरचा आहे. सिरियल पोर्ट एका वेळी एकालाच द्यायची सोय त्यात आहे. एक आयओसीटीएल केला की दुसऱ्याला 'बिझी' मिळतं.

मामा : रूट सोडून दुसऱ्याला. आणि तो आयओसीटीएल पहिल्या मुलाने आठवणीने केला असेल तरच. मी विचारतो आहे ते त्याच्या आधीचं. ती फाइल उघडायचा हक्क दुसऱ्याला होता का? एलएस -एल कर. साध्या फाइलच्या ओळीत पहिली आडवी रेघ असते, डिरेक्टरीला डी. इथे सी दिसेल. डिस्क असती तर बी. जिथे फाइलचा आकार यायचा तिथे दोन आकडे: १६६, ०. मेजर आणि मायनर. मेजरवरून कर्नलला ड्रायव्हर सापडतो, मायनरवरून त्या ड्रायव्हरखालचं नेमकं यंत्र. मालक, ग्रुप, नऊ अक्षरांची परवानगी आणि हे दोन आकडे, एवढाच त्या फाइलचा ऐवज.

भाची : मग तेच दोन आकडे घेऊन मी मेकनोडने दुसरीकडे दुसरी फाइल बनवली तर?

मामा : यंत्र तेच, परवानगी वेगळी. एका खोलीला दोन दारं असावीत, एकाला कुलूप आणि दुसरं उघडं, तसं. कुलूप दाराला असतं, खोलीला नसतं. म्हणून डिव्हाइस नोड बनवायला रूटची ताकद लागते, आणि म्हणूनच पेनड्राइव्ह माउंट करताना 'नोडेव्ह' लावतात. तो नसेल, तर कुणीही घरच्या यंत्रावर रूट होऊन ईएक्सटी४ पेनड्राइव्हवर ८, ० आकड्यांची ०६६६ फाइल बनवून आणेल आणि इथल्या पहिल्या डिस्कवर हवं ते लिहील.

भाची : म्हणजे सगळी सुरक्षा एका फाइलच्या नऊ अक्षरांवर! मामा, ही रचनाच मला अपुरी वाटते.

मामा : केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७४ मध्ये युनिक्सवरचा लेख प्रसिद्ध केला, त्यात यंत्रांना फाइलचं रूप देण्याचे तीन फायदे सांगितले आहेत. फाइलला आणि यंत्राला वाचण्या-लिहिण्याची रीत एकच राहते. नावांची रीत एकच राहते, त्यामुळे फाइलचं नाव मागणाऱ्या प्रोग्रामला यंत्राचं नाव देता येतं. आणि तिसरा फायदा, साध्या फाइलचं रक्षण करणारी व्यवस्थाच यंत्राचंही रक्षण करते. पहिले दोन सगळ्यांच्या लक्षात राहतात. माझ्या लेखी तिसरा सगळ्यांत मोठा. संगणक केंद्रात नवा माणूस आला की त्याला टेप ड्राइव्हसाठी वेगळं सुरक्षाशास्त्र शिकवावं लागत नव्हतं. फाइलच्या परवानग्या कळल्या की यंत्राच्या कळल्या.

भाची : पण नेटवर्क कार्डाला /डेव्हमध्ये फाइलच नाही. तिथे तुझी नऊ अक्षरं काय करतात?

मामा : काही नाही. तिथे कॅपॅबिलिटी पाहतात.

भाची : आणि जिथे फाइल आहे तिथेही आर आणि डब्ल्यू या दोन अक्षरांत किती मावतं? डिस्कच्या नोडवर आर दिलं म्हणजे त्या डिस्कवरच्या प्रत्येक माणसाची प्रत्येक फाइल दिली. सिरियल पोर्टवर आर दिलं म्हणजे रीसेटचं बटण दिलं, हे तूच आत्ता दाखवलंस. ग्राफिक्स कार्डावर तर खरं काम आयओसीटीएलनेच चालतं.

इथे मला भाचीची बाजू घ्यावीशी वाटते. साध्या फाइलच्या बाबतीत 'वाचणं' निरुपद्रवी असतं, कारण वाचून फाइल बदलत नाही. यंत्राच्या बाबतीत उघडणं हीच मुळी एक कृती आहे, आणि त्या कृतीचा परिणाम प्रत्येक यंत्रागणिक वेगळा. आर या अक्षराला त्यातलं काही ठाऊक नसतं. मामाकडे यावर जे उत्तर होतं ते मात्र मला बरंच काही शिकवून गेलं.

मामा : ग्राफिक्स कार्डाचंच घे. /डेव्ह/डीआरआयमध्ये काय दिसतं?

भाची : कार्ड० आणि रेंडरडी१२८. दोन्हींचा मेजर २२६. मायनर एकाचा ०, दुसऱ्याचा १२८.

मामा : कार्ड एकच, नोड दोन. मगाशी म्हटलं ती दोन दारं कर्नलने इथे मुद्दाम पाडली आहेत. कार्ड० मधून पडदा हातात येतो: कोणतं रिझोल्यूशन, कोणतं चित्र समोर दिसणार. रेंडरडी१२८ मधून फक्त गणित करून घेता येतं, पडद्याला हात लावता येत नाही. २०१३-१४ च्या सुमारास ही सोय आली. त्याआधी ग्राफिक्स कार्डावर नुसतं गणित करणाऱ्यालाही पडद्याच्याच दारातून यावं लागायचं. दोन अक्षरं अपुरी पडली तेव्हा तिसरं अक्षर कुणी शोधलं नाही. हक्क वेगळे काढले आणि प्रत्येक हक्काला स्वतंत्र नोड दिला.

भाची : ऊनोला कुणी तसे दोन नोड देणार नाही.

मामा : नाही देणार. म्हणून तुला विचार करून परवानगी द्यावी लागेल.

भाची : बरं, मग हे सांग. /डेव्ह/नल ०६६६ आहे. झीरो, फुल, रँडम, यूरँडम, सगळे ०६६६. तिथे तुला खटकत नाही?

मामा : खटकत नाही, कारण तू नलमध्ये काहीही लिहिलंस तरी माझं काही बिघडत नाही. झीरोतून तू कितीही शून्यं काढलीस तरी माझ्या वाट्याची संपत नाहीत. परवानगी ठरवताना मी एवढंच पाहतो: एकाने हे उघडलं तर दुसऱ्याचं काय होऊ शकतं? काहीच होणार नसेल तर ०६६६ अगदी योग्य. उलट नलची परवानगी कमी झाली तर यंत्र आजारी पडतं. रूटने चालवलेली एखादी स्क्रिप्ट /डेव्ह/नल पुसून टाकते, पाठोपाठ कुणीतरी त्यात लिहायला जातं आणि त्या नावाची साधी फाइल तयार होते, रूटच्या मालकीची, ०६४४. मग बाकी सगळ्यांचे प्रोग्राम अचानक 'परमिशन डिनाइड' म्हणू लागतात आणि कारण लवकर सापडत नाही. ती साधी फाइल काढायची आणि मेकनोडने १, ३ आकड्यांचा नोड ०६६६ करून पुन्हा बसवायचा.

भाची : याच कसोटीवर डिस्क ग्रुपचं काय?

मामा : डिस्क ग्रुपमध्ये घातलेला माणूस रूटच समज. डीबगएफएस हाती घेतलं की फाइलसिस्टिमच्या परवानग्यांना वळसा घालून /ईटीसी/शॅडो वाचता येतं. इनपुट ग्रुप दिलास, तर दुसऱ्याने कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण त्याला दिसतं, पासवर्डसकट. एखादा गेमपॅड चालेना म्हणून लोक स्वतःला इनपुट ग्रुपमध्ये घालून घेतात. आपण काय दिलं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

०६६६ ची किंमत किती असू शकते, याचं उदाहरण २०१२ च्या डिसेंबरमध्ये जगासमोर आलं. सॅमसंगच्या एक्झिनॉस ४ प्रोसेसरवर चालणाऱ्या फोनांत, त्यात गॅलेक्सी एस३ आणि नोट२ ही तेव्हाची लोकप्रिय मॉडेलं होती, /डेव्ह/एक्झिनॉस-मेम नावाचा नोड सापडला. परवानगी सगळ्यांना वाचण्या-लिहिण्याची, आणि नोडमागे काय, तर फोनची अख्खी फिजिकल मेमरी. फोनवर घेतलेलं कोणतंही अॅप त्यातून कर्नलची मेमरी बदलून रूट होऊ शकत होतं. परवानगी काढून घेणारा तात्पुरता उपाय केला, तर काही फोनांतला पुढचा कॅमेरा चालेनासा व्हायचा. मला यातली ही शेवटची बाब सगळ्यांत बोलकी वाटते. ग्राफिक्सच्या किंवा कॅमेऱ्याच्या एका कामाला थोडी मेमरी हवी होती, आणि ती देण्यासाठी सगळ्यांना सगळी मेमरी दिली गेली. भाचीचा नियम आणि हा नोड यांच्या परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण विचार करण्याची रीत एकच आहे, आणि त्या रीतीला माझा विरोध आहे.

भाची : ठीक, ०६६६ काढते. पण तू म्हणशील ग्रुप कर, आणि ते मला पटत नाही.

मामा : का? डेबियनमध्ये डायलआउट ग्रुप आहे, आर्चमध्ये यूयूसीपी. मुलाला ग्रुपमध्ये घाल, नोड ०६६० ठेव. /ईटीसी/ग्रुप उघडलं की कुणाला काय दिलं ते एका ओळीत दिसतं. मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या जागी आलेल्या माणसाला सगळ्या यंत्रांचे हक्क कागदावर छापून देता आले.

भाची : त्या कागदावर सोडून गेलेले किती होते?

मामा : काही असतील.

भाची : ग्रुपला शेवटची तारीख नसते, मामा. मुलगा पहिल्या वर्षी डायलआउटमध्ये येतो आणि पदवी घेईपर्यंत तिथेच असतो. त्याला काढलं तरी त्याची आधीपासून चालू असलेली प्रोसेस जुना ग्रुप घेऊन फिरतच राहते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ग्रुपला माणूस कुठे बसला आहे ते कळत नाही. रात्री घरून डोकावणारा तुझा तो दुसरा मुलगा, तोही डायलआउटमध्येच असणार ना? ०६६६ काढून ०६६० केलं, तरी त्याला अडवलं कुणी?

मामा गप्प झाला. बराच वेळ त्याने उत्तर दिलं नाही, आणि मला वाटतं वादातलं खरं वळण इथेच होतं. वर्गातला प्रत्येक जण ग्रुपमध्ये असेल, तर त्या वर्गापुरतं ०६६० आणि ०६६६ यांत काहीच अंतर उरत नाही.

भाची : यूअॅक्सेस म्हणून एक टॅग आहे. युडेव्हच्या नियमात तो लावला की सिस्टिमडीचा लॉगिनडी पाहतो, या यंत्रासमोर आत्ता प्रत्यक्ष बसून कोण काम करतं आहे. त्या एका माणसाच्या नावाने नोडवर एसीएल चढवतो. एलएस -एलमध्ये परवानगीच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसतं; गेटएफएसीएल केलं की नाव दिसतं. दुसरा माणूस लॉगिन करून समोर आला की पहिल्याचं नाव उतरतं, दुसऱ्याचं चढतं. एसएसएचने आलेल्याला काहीच मिळत नाही. बोर्ड ज्याच्या हातात, परवानगी त्याला. प्रयोगशाळेत याहून न्याय्य काय असणार?

मामा : उतरतं म्हणजे नेमकं काय उतरतं?

भाची : एसीएलमधलं नाव.

मामा : आणि त्याने आधीच उघडून ठेवलेली फाइल?

भाची : ती उघडीच राहते.

मामा : परवानगी ओपनच्या क्षणी तपासतात, त्यानंतर कुणी विचारत नाही. कॅमेऱ्याचं उदाहरण घे. पहिला मुलगा समोर बसला, कॅमेऱ्याचा नोड उघडणारा प्रोग्राम मागे चालू ठेवला आणि यूजर बदलून उठला. दुसरी मुलगी येऊन बसली. एसीएलवर आता तिचं नाव आहे, आणि कॅमेरा मात्र अजून पहिल्याच्या प्रोसेसच्या हातात. ती कॅमेऱ्यासमोर बसली आहे.

भाची : कीबोर्ड-माउसच्या बाबतीत हे सोडवलं आहे. लॉगिनडी स्वतः नोड उघडतो, डेस्कटॉपला नुसता डिस्क्रिप्टर देतो आणि सेशन बदललं की कर्नलला सांगून तो डिस्क्रिप्टर निकामी करतो. ग्राफिक्स कार्डाच्या पडद्याचा ताबाही तसाच काढून घेतो.

मामा : कॅमेऱ्याचा?

भाची : नाही.

मामा : बीएसडीवाल्यांकडे रिव्होक नावाचा सिस्टिम कॉल कधीपासून आहे. नोडचं नाव द्यायचं, आणि त्यावर उघडे असलेले सगळे डिस्क्रिप्टर एकदम मरतात. लिनक्समध्ये सगळ्या यंत्रांना लागू होईल असं काही नाही. मला तुझा यूअॅक्सेस आवडला, खोटं कशाला बोलू. पण तो दिलेला हक्क परत घेतो असं समजू नकोस. पुढचं ओपन नाकारतो, एवढंच. मागे राहिलेल्या प्रोसेस मारायची सोय लॉगिनडीतच आहे. माणूस पूर्ण लॉगआउट झाला की त्याचं काहीही चालू राहू देऊ नकोस.

भाची : हे करते. वर्गात यूजर बदलण्याची सोयही बंद करते, लॉगआउट करूनच उठायचं.

यानंतर थोडा वेळ बोलणं जुन्या काळाकडे वळलं. मामाच्या सुरुवातीच्या लिनक्स यंत्रांवर /डेव्ह ही डिस्कवरची साधी डिरेक्टरी होती. मेकडेव्ह नावाची स्क्रिप्ट लागतील-न-लागतील असे शेकडो नोड आधीच बनवून ठेवायची, यंत्र जोडलेलं असो वा नसो. सीएचमॉड एकदा केलं की ते टिकायचं. ओपनबीएसडी अजूनही मेकडेव्हच वापरतं. लिनक्सच्या २.४ आवृत्तीत रिचर्ड गूच यांचं डेव्हएफएस आलं. त्यात कर्नल स्वतःच नोड बनवू लागला, पण नावं कोणती द्यायची हेही कर्नलच ठरवू लागला. ते बऱ्याच जणांना रुचलं नाही. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी युडेव्ह पुढे आणलं: यंत्र आलं-गेलं हे कर्नलने कळवायचं, आणि नाव व परवानगी बाहेरच्या प्रोग्रामने नियम वाचून ठरवायची. २००९ च्या अखेरीस २.६.३२ मध्ये डेव्हटीएमपीएफएस आलं, तेव्हापासून नोड कर्नलच मेमरीत बनवतो, आणि बोर्ड काढला की ते नाहीसे होतात. 'काल सीएचमॉड केलं होतं, आज पुन्हा नाही म्हणतंय' ही मुलांची तक्रार इथून येते. कालचा नोड आज अस्तित्वातच नसतो.

मामा : निर्णय कर्नलबाहेर आला हे चांगलं झालं, पण तो निर्णय घेणारा प्रोग्राम रूट म्हणून चालतो हेही लक्षात ठेव. २००९ मध्येच युडेव्हमध्ये दोष सापडला होता. आलेला निरोप खरंच कर्नलकडून आला आहे का, हे ते तपासत नव्हतं. साध्या यूजरने खोटा निरोप पाठवायचा आणि रूट व्हायचं.

भाची : आणि तपासणी घातल्यावर तो मिटला. हेच कर्नलच्या आत असतं तर प्रत्येक दुरुस्तीला यंत्र रीबूट करावं लागलं असतं. बरं, आता नियम बघ. फाइलचं नाव ९९-आर्डुइनो होतं, ते ७० करते. लॉगिनडीचा टॅग ७३ क्रमांकाच्या नियमात वाचला जातो, त्याच्या मागून लावला तर कुणी विचारत नाही. मुलांना 'यूअॅक्सेस चालत नाही' असं वाटतं ते बहुधा याच कारणाने.

मामा : व्हेंडर फक्त २३४१ ठेवलास, तर स्वस्त बोर्डांचं काय? त्यांच्यावर सीएच३४० चिप असते, तिचा व्हेंडर १ए८६.

भाची : तोही जोडते.

मामा : थांब. १ए८६ ही बोर्डाची ओळख नव्हे, सिरियल चिपची आहे. तीच चिप दुसऱ्या कुठल्या उपकरणात असेल तर त्यालाही तुझा नियम लागेल. ०४०३ लिहिलंस तर एफटीडीआयची चिप असलेलं काहीही आत येईल, मग ते प्रयोगशाळेतलं महागडं मोजयंत्र का असेना. आणि हे आकडे यंत्र स्वतःच सांगतं. खोटं सांगणारं यंत्र बनवणं कठीण नाही.

भाची : मग युडेव्हएडीएम इन्फोमधून प्रत्येक बोर्डाचा सिरियल नंबर घेते.

मामा : ऊनोला असतो. सीएच३४० च्या बोर्डांना बहुधा नसतो.

भाची : मग त्यांना यूएसबी पोर्टच्या जागेवरून ओळखते. टेबलावर दिसणाऱ्या हबच्या पोर्टांनाच यूअॅक्सेस, मागच्या पोर्टांना नाही. मोजयंत्र मागे.

हे ऐकल्यावर मामाचा चेहरा खुलला. यंत्राने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीपेक्षा ते कुठे जोडलं आहे यावर विश्वास ठेवणं अधिक सुरक्षित, कारण पोर्टची जागा प्रयोगशाळेतला माणूस ठरवतो.

मामा : राहिलं ते कोपऱ्यातलं यंत्र, गच्चीवरच्या सेन्सरचं. तिथे कुणी बसतच नाही. यूअॅक्सेस कुणाला नाव देणार?

भाची : तिथे तुझा ग्रुप. पण माणसं त्यात नकोत. फक्त नोंदी घेणाऱ्या सर्व्हिससाठी वेगळा यूजर करते, आणि ग्रुपमध्ये तो एकटाच.

मामा : आणि सर्व्हिसच्या फाइलमध्ये डिव्हाइसपॉलिसी 'क्लोज्ड' ठेव, डिव्हाइसअलाऊमध्ये तेवढा एक नोड. मग नल, झीरो, रँडम वगैरे निरुपद्रवी नोड आणि तुझा सेन्सर, याखेरीज त्या सर्व्हिसला काहीही उघडता येणार नाही. फाइलची परवानगी असली तरी नाही. ती अडवणूक सीग्रुपची, नोडवरच्या अक्षरांवर अवलंबून नसलेली.

भाची : पण मुलांना सुट्टीत घरून त्या सेन्सरवर काम करायचं असतं, मामा. ते रास्तच आहे. एसएसएच बंद करून मी त्यांना शिकवणार काय?

मामा : मग नोड त्यांच्या हाती देऊ नकोस. मध्ये तुझा प्रोग्राम ठेव. सेन्सरचा पोर्ट तोच एकटा उघडेल आणि धरून ठेवेल. मुलं त्याच्याशी युनिक्स सॉकेटवरून बोलतील. समोर कोणता यूजर आहे हे कर्नलच त्या प्रोग्रामला सांगतो, तिथे खोटं नाव चालत नाही.

भाची : म्हणजे आर-डब्ल्यूच्या जागी विनंत्या, आणि त्या ठरवणार मी. 'शेवटचं मोजमाप दे' सगळ्यांना. 'मोजण्याचा वेग बदल' ज्या गटाच्या नावावर सेन्सर आहे त्या गटाला.

मामा : नवा प्रोग्राम चढवणं?

भाची : त्याच गटाला, आणि आधीच्या नोंदी डिस्कवर उतरल्यावरच. रीसेट मात्र... सेन्सर अडकला आणि गटातलं कुणी हाताशी नसेल तर?

मामा : तर शिक्षकाला असू दे. पण कुणी, किती वाजता दिला ते जर्नलमध्ये गेलं पाहिजे. आकड्यांत मध्येच खंड दिसला तर मुलांना त्याचा माग काढता आला पाहिजे.

भाची : कारणही मागते. कारणाशिवाय आलेली रीसेटची विनंती प्रोग्रामने परत पाठवायची, माझी असली तरी.